तळटीप : ‘अ‍ॅनॉमली’

* अ‍ॅनॉमली : मूळ ग्रीक ‘अनोमालोस’, म्हणजे सपाट नसलेले, खडबडीत. ‘नोमोस’ म्हणजे नियम. त्याच्याशी काही जण नाते जोडतात, ते चुकीचे. खगोलशास्त्रात हा ग्रहाच्या भ्रमणातला एक कोन. आपल्या सिद्धान्तग्रंथांतले मंदोच्चापासून मोजलेले ‘मंदकेंद्र’ याच जातीचे. इथे मात्र अर्थ भूभौतिकीचा. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतला संशोधक मोजलेल्या चुंबकीय क्षेत्रातून पृथ्वीच्या मुख्य क्षेत्राचे अपेक्षित मूल्य वजा करतो. उरते ती अ‍ॅनॉमली. तिच्यावरून जमिनीखालच्या खडकांचा माग लागतो. अर्थात लोखंड आणि वीज जवळ नकोत. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०४ साली अलिबागला हलले. तिथली इमारतही बिनचुंबकीय पोरबंदरी दगडाची. — संपा.