एका शब्दाचा खटला

इ. स. ४२८ मध्ये अँटिऑकचा नेस्टोरियस कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपपदावर आला. वक्ता नामांकित, जीभ आवरण्याची विद्या मात्र त्याला साधली नव्हती. भाविक मेरीला ‘थिओटोकॉस’, म्हणजे देवाला जन्म देणारी, म्हणत. नेस्टोरियस म्हणाला, देव अनादी आहे. जन्म, भूक, मरण हे ख्रिस्ताच्या मनुष्यत्वाचे धर्म, ते देवत्वाला चिकटवू नयेत. मेरीला ख्रिस्तजननी म्हणा.

श्रोतेहो, हा शब्दच्छल वाटेल. पण तसा तो नव्हता. अलेक्झांड्रियाच्या बिशप सिरिलचा सवाल रोखठोक होता : क्रुसावर मेला तो देवाचा निव्वळ सोबती असेल, तर माणसाचा उद्धार झाला कसा? एकाला देवाचे देवपण राखायचे होते, दुसऱ्याला उद्धाराची खात्री.

सम्राट दुसरा थिओडोसियस याने ४३१ साली इफिससला परिषद बोलावली. अँटिऑकचा बिशप जॉन, नेस्टोरियसचा मित्र, अजून वाटेतच होता. तरीही २२ जूनला, सम्राटाच्या प्रतिनिधीचा विरोध न जुमानता, सिरिलने मेरीच्याच नावाच्या चर्चमध्ये सभा उघडली. फिर्यादी तोच आणि अध्यक्षही तोच! नेस्टोरियस हजर राहिला नाही. त्याच दिवशी तो पदच्युत झाला. रात्री गावकऱ्यांनी मशाली पेटवून बिशपांना मुक्कामी पोचवले. बायका धूप जाळीत पुढे चालत होत्या. चार दिवसांनी जॉन आला आणि त्याने निराळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केले. सम्राटाने आधी दोन्ही निकाल कायम केले!

सिरिल अखेर आपल्या गादीवर परतला. दरबारी मंडळींकडे त्याच्याकडून गालिचे, हस्तिदंती खुर्च्या आणि सोने गेले. त्यांची यादी आजही वाचायला मिळते. पण ४३३ साली याच सिरिलने जॉनशी समेट केला, आणि ‘दोन स्वभावांचे ऐक्य’ हे शब्द मान्य केले. ‘थिओटोकॉस’ही राहिला. समेटाची किंमत म्हणून जॉनने मित्राचा निषेध पत्करला. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत बोचते. नेस्टोरियस ईजिप्तमध्ये हद्दपारीत मेला. त्याची कैफियत सिरियाक भाषांतरातून थेट १९१० साली छापली गेली.

इराणातले ख्रिस्ती मात्र पुढे त्याला आचार्य मानू लागले. त्यांचे व्यापारी व धर्मगुरू समुद्रमार्गे हिंदुस्थानात येत. इराणातून नेमलेला बिशप ‘कल्याणा’ येथे आहे, असे सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस लिहितो. ते मुंबईजवळचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच पूर्वेकडील परंपरेचे प्रमुख मार दिंखा चौथे आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ नोव्हेंबर १९९४ रोजी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. एक पक्ष मेरीला देवाची माता म्हणतो, दुसरा आमचा देव व तारक जो ख्रिस्त, त्याची माता म्हणतो. दोन्ही संबोधने योग्यच आहेत, असे त्यात लिहिले आहे.