पायचीत झाला, हे परभणीला कसे कळले?

परभणीत 1968 साली आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. ट्रान्झिस्टरचा काटा 1305 किलोहर्ट्झवर आणला की शेतीची माहिती, बातम्या, भजने घरात येत. कसोटी सामना असला की त्याच ट्रान्झिस्टरवर कॉमेंट्री शोधली जाई. कसोटीचे मैदान मुंबईला, नागपूरला नाहीतर हैदराबादला. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या बहुतेक माणसांनी ते जन्मात पाहिलेले नव्हते. तरीही ‘पायचीत’ म्हणजे काय, हे पारावरच्या पोराला नेमके ठाऊक होते. हे ज्ञान आवाजातून आले. त्या आवाजाची ही कुळकथा.

धावत्या समालोचनाचा मूळपुरुष म्हणून आपण पटकन संजयाचे नाव घेतो. महाभारत मात्र वेगळे सांगते. भीष्मपर्वात संजय रणभूमीवरून परततो तो भीष्म पडल्याची बातमी घेऊनच, आणि मग आधीच्या दिवसांचे युद्ध सांगतो. घडत असतानाच सांगणे ही विसाव्या शतकाची कला आहे, रेडिओची लेक आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने 1921 मध्ये मुष्टियुद्धाचे थेट वर्णन ऐकवले. बीबीसीचा पहिला प्रयोग 15 जानेवारी 1927 चा: ट्विकनहॅमला इंग्लंड विरुद्ध वेल्स हा रग्बीचा सामना आणि समालोचक टेडी वेकलम. त्यांच्यासमोर एका अंध गृहस्थांना मुद्दाम बसवले होते. यांना समजेल असे बोला, एवढीच सूचना. संजय पहिला नसला, तरी धृतराष्ट्राची जागा मात्र इथे खरोखर भरलेली होती. न पाहणाऱ्या माणसाला खेळ कळला पाहिजे, हा या कलेचा पहिला नियम त्या दिवशी ठरला.

भारतात ही कला आणली ए. एफ. एस. तथा बॉबी तल्यारखान यांनी. 1934 साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत पारशी विरुद्ध मुस्लिम या सामन्याचे त्यांनी इंग्रजीतून वर्णन केले. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावही तेव्हा जन्मलेले नव्हते. ते 1936 मध्ये पडले. तल्यारखान सकाळपासून खेळ संपेपर्यंत एकटेच बोलत. 1948–49 मधल्या वेस्ट इंडिजच्या भारत दौऱ्यासाठी रेडिओने तिघा समालोचकांची योजना आखली, ती त्यांना पटली नाही आणि ते बाजूला झाले. योजना मात्र टिकली. पुढच्या पिढ्यांनी ऐकली ती पाळीपाळीने बोलणारी कॉमेंट्री. थोडा वेळ इंग्रजी, थोडा वेळ हिंदी, मध्येच धावसंख्या. इंग्रजी न कळणारा माणूसही तो भाग बंद करत नसे. आवाज चढला, मागे प्रेक्षकांचा गलका झाला, की काहीतरी घडले एवढे त्याला कळे. काय घडले ते हिंदीची पाळी आल्यावर कळे.

मराठीत हे काम करायचे तर आधी शब्द हवे होते. रणजी खेळलेले पुण्याचे बाळ ज. पंडित आणि क्रीडा पत्रकार वि. वि. करमरकर यांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन केले, दोघांनीही खेळावर भरपूर लिहिले. वर्तमानपत्रे आणि रेडिओ यांनी मिळून मराठी क्रिकेटची जी भाषा घडवली, ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिचे बरेच शब्द आपल्याच मातीतून उचललेले आहेत.

‘चीत’ हा तालमीतला शब्द. पाठ जमिनीला लागली की पैलवान चीत. तोच शब्द पायचीत, धावचीत, यष्टिचीत असा क्रिकेटमध्ये आला. कुस्ती जाणणाऱ्या माणसाला निकाल वेगळा समजावून सांगायची गरजच उरली नाही. ‘गोलंदाज’ तोफखान्यातला: मूळ फारसी वळणाचा, तोफ डागणारा तो गोलंदाज. त्याच्या जोडीला ‘फलंदाज’ बसवला गेला. ‘पंच’ गावच्या पंचायतीतले. तीन दांड्या उडाल्या की ‘त्रिफळा’, तो वैद्याच्या पुडीतला. ‘झेल’ तर झेलणे या रोजच्या क्रियापदातूनच आला.

‘षटक’ म्हणजे सहांचा गट. ऑस्ट्रेलियात मात्र 1978–79 च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंचे षटक होते. बिशनसिंग बेदींचा संघ 1977–78 मध्ये तिथे पाच कसोटी खेळला, तेव्हा मराठी वाचक आठ चेंडूंनाही षटकच म्हणत होता. एवढा तो शब्द अंगवळणी पडला होता.

‘समालोचन’ या शब्दाचेही तसेच. त्याचा अर्थ नीट पाहून केलेली चर्चा. इंग्रजीतही ‘रनिंग कॉमेंट्री’ म्हणजे आधी ग्रंथाच्या ओळीओळीबरोबर चालणारे भाष्य; मैदानावर ते नंतर आले. ओवीओवीने भाष्य करण्याची सवय असलेल्या मराठीला ही कल्पना परकी नव्हती. बदलले ते इतकेच, की इथे भाष्यकाराच्या पुढची ओळ अजून लिहिलेली नसते. चेंडू हातातून सुटतो आणि वाक्य सुरू होते. चेंडू कुठे जाणार, हे वाक्यालाही ठाऊक नसते. म्हणून वाक्ये आखूड झाली, क्रियापद पुढे आले, वर्तमानकाळ आला. मराठी गद्याला रेडिओने दिलेली ही खरी देणगी आहे आणि तिची नोंद व्हायला हवी.

दूरचित्रवाणी आली तशी डोळ्यांनी कानांचे काम घेतले. पण ही कला परभणी जिल्ह्यातून गेलेली नाही. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत, कबड्डीच्या मैदानांवर, जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात कुणीतरी माईक घेऊन बोलतच असतो. त्या मुलांना एक विनंती आहे. गर्दीच्या मागे एक माणूस उभा असतो, त्याला काहीच दिसत नसते. त्याच्यासाठी बोला. चेंडू कुठे गेला, कुणी अडवला, धावा किती झाल्या, ते सांगा. आणि पायचीत झाला, तर ‘पायचीत’च म्हणा.