‘रेयांश’ नाव आलं कुठून?

बारशाला हल्ली ‘रेयांश’ हे नाव बरंच ऐकू येतं. ‘शिवांश’ म्हणजे शिवाचा अंश, ‘देवांश’ म्हणजे देवाचा. ‘रेयांश’ची अशी सरळ फोड होत नाही. इंटरनेटवर ‘विष्णूचा अंश’, ‘प्रकाशकिरण’ असे अर्थ देतात. पण विष्णुसहस्रनामात ‘रेय’ नाही, आणि किरणाचा ‘रे’ इंग्रजीतला. मराठीत ‘रे’ म्हणजे नुसती हाक!

तरी नाव आवडतं, कारण स्वाती नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं अक्षर ‘रे’, आणि त्यावर मुलांची नावं मोजकीच. शेवटी ‘अंश’ आला की देवाचंही वाटतं.

जन्मनोंदीत नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क टाकता येतं. मात्र रेयांश की रियांश, हे आधी घरात पक्कं करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत हाच दाखला लागतो.