पाय धुणे आणि धुऊन घेणे

दारी आलेल्या पाहुण्याच्या पायांवर पाणी घालणे ही आपल्याकडील जुनी रीत. गुरूंची पाद्यपूजाही आपल्या परिचयाची. तिथे धुणारा धाकटा आणि ज्याचे पाय धुतले जातात तो थोरला, हे ठरलेलेच असते. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात मात्र हा क्रम उलटतो. येशू भोजनावरून उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि घंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुऊ लागतो. हे काम त्या काळी दासांचे मानले जाई.

या प्रसंगाच्या निमित्ताने येशूच्या नम्रतेवर पुष्कळ लिहिले जाते. आम्हांला येथे पेत्राकडे लक्ष वेधावयाचे आहे. तो साफ नकार देतो. हे स्वीकारले नाहीस तर माझ्याशी तुझा संबंध राहणार नाही, असे येशूने बजावताच तो दुसऱ्या टोकाला जातो आणि हात व डोकेही धुवावे म्हणतो. मिळेल तेवढेच प्रेम निमूटपणे घेणे त्याला जमत नाही. सेवा करताना माणसाचा मान राहतो. सेवा घेताना आपले उणेपण दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. ख्रिस्ती समाजाने ही आज्ञा शतकानुशतके कशी पाळली हे पाहिले, म्हणजे पेत्राची अडचण त्याच्या एकट्याची नव्हती हे ध्यानात येते.

चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज नवदीक्षितांचे पाय धूत असत. रोममध्ये तशी प्रथा नव्हती, आणि अँब्रोज यांना आपल्या चालीचे समर्थन करावे लागले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात या कृतीला रोजच्या जगण्यात स्थान मिळाले. स्वयंपाकघराचे काम आठवड्याच्या पाळीने करावयाचे. आठवड्याअखेर पाळी संपलेला आणि पाळी सुरू होणारा, अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावयाचे. पाळी संपलेल्याने रुमालही धुऊन ठेवावयाचे. या व्यवस्थेचे मर्म पाळीत आहे. आज जो धुतो तो पुढच्या आठवड्यात पाय पुढे करून बसतो. देणारा आणि घेणारा असे दोन वर्ग तिथे तयार होत नाहीत.

६९४ साली तोलेदोच्या धर्मपरिषदेने पवित्र गुरुवारी हा विधी करणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. पुढे तो राजदरबारांतही पोहोचला. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिने वयाच्या ३९व्या वर्षी ३९ गरीब स्त्रियांचे पाय धुतले; पण राणीचा हात लागण्यापूर्वी दरबारातील इतरांनी ते आधीच स्वच्छ केलेले होते. अठराव्या शतकात हे धुणे बंद पडले. आज त्या दिवशी तिथे वृद्धांना खास नाण्यांच्या थैल्या मिळतात आणि मानकऱ्यांच्या कमरेला रुमाल तेवढा उरला आहे. व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ योसेफ दरवर्षी बारा वृद्धांचे पाय धूत. या राजांच्या श्रद्धेवर आम्ही संशय घेत नाही. परंतु त्या बारांपैकी कोणी उठून सम्राटाचे पाय धुवावेत, ही कल्पनाही तिथे शक्य नव्हती. नम्रता ही बलवानांचीच मक्तेदारी ठरली आणि गरिबाकडे केवळ पाय देण्याचे काम राहिले.

परस्परतेचा धागा जपला तो लहान पंथांनी. मेनोनाइटांच्या १६३२ सालच्या दोर्द्रेख्त येथील श्रद्धा-निवेदनात पाय धुण्यावर स्वतंत्र कलम आहे. त्यांच्या अनेक मंडळ्यांत आजही लोक जोडीजोडीने बसतात. एकाने दुसऱ्याचे पाय धुतले की दुसरा उठून पहिल्याचे धुतो. आपल्याकडे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्या वेळी थोरला कोण हा प्रश्न जसा गळून पडतो, तसेच काहीसे येथे घडते.

२०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात नेला आणि तिथे बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या. २०१६ साली या विधीत स्त्रियांना सहभागी करून घेण्याची रीतसर मुभा देण्यात आली. १७ एप्रिल २०२५ रोजी, गंभीर आजारातून उठलेले फ्रान्सिस रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले. यंदा पाय धुणे मला शक्य नाही, तरी तुमच्याजवळ असावे असे वाटले, अशा आशयाचे ते कैद्यांशी बोलले. चार दिवसांनी त्यांचे निधन झाले.

त्या भेटीत त्यांच्याजवळ देण्यासारखे सामर्थ्य उरले नव्हते. त्यांनाच इतरांच्या हातांचा आधार घ्यावा लागत होता. तरीही ती भेट अपुरी होती असे आम्हांला वाटत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेली माणसे आजारपणात कुणाकडून घोटभर पाणी घेतानाही संकोचतात, हे आपण घरोघरी पाहतो. पेत्राला जे त्या रात्री शिकावे लागले, ते त्यांनाही शेवटी शिकावे लागते. ज्याला पाय पुढे करता येत नाहीत, त्याच्या सेवेत अहंकाराचा अंश कुठेतरी राहूनच जातो.