बर्फाळ किनाऱ्यावरील खानेसुमारी

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू इंग्लंडच्या मुलखात, ऐन हिवाळ्यात खाजणे गोठतात आणि भरतीच्या रेषेवर बर्फाचे थर चढतात, तेव्हा उत्तरेकडून उतरलेली आयडर बदके, लाटांच्या तुषारांनी निसरड्या झालेल्या खडकांवर शेवाळातून भक्ष्य टिपणाऱ्या जांभळ्या तुतवारी आणि एखाद्या वर्षी वाळूच्या टेकडीवर निश्चल बसलेले हिमघुबड, हे त्या ओसाड किनाऱ्याचे वैभव होय. परंतु हे वैभव दुर्बिणीतून न्याहाळण्याचा रिवाज फारसा जुना नाही.

एकोणिसाव्या शतकात या पाखरांची गाठ पडे ती बंदुकीशी. लाकडी बदके पाण्यावर तरंगत सोडून शिकारी आडोशाला दबा धरून बसत, आणि मारलेली बदके शहरांच्या बाजारांत विक्रीस जात. पक्षिशास्त्रज्ञदेखील हाती आलेल्या पक्ष्याचीच ओळख ग्राह्य मानीत. याच किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्या लॅब्राडोर बदकाचा अखेरचा निर्विवाद नमुना १८७५ मध्ये लाँग आयलंडजवळ मारला गेला. ही जात मुळात किती होती आणि कधीपासून घटू लागली, याची नोंद कोणत्याच दफ्तरी सापडत नाही.

नाताळात तट पाडून दिसेल तो पशुपक्षी टिपायचा आणि ज्यांचा ढीग मोठा ते विजयी ठरवायचे, असाही एक दस्तुर होता. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ७०० टोप्या तपासून त्यांपैकी ५४२ पिसांनी वा पाखरांनी सजलेल्या असल्याचे टिपून ठेवणारे पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांनी, हा दस्तुर मोडून जिवंत पक्ष्यांची खानेसुमारी करावी, असे आपल्या ‘बर्ड-लोर’ मासिकातून सुचविले. आणि २५ डिसेंबर १९०० रोजी २७ निरीक्षकांनी २५ ठिकाणी सुमारे ९० जातींची नोंद केली.

पुढे अमेरिकेच्या १९१८ च्या कायद्याने स्थलांतरी पक्ष्यांना संरक्षण मिळाले, हार्वर्डच्या संग्रहालयातील लडलो ग्रिस्कम यांनी गोळी न झाडताही उडता पक्षी अचूक ओळखता येतो हे दाखवून दिले, आणि रॉजर टोरी पीटरसन यांच्या १९३४ च्या मार्गदर्शिकेने ती विद्या सामान्य हौशी माणसाच्या हाती दिली.

अशा खानेसुमारीत एका हिवाळ्याचा आकडा वाऱ्यावादळाच्या लहरीवर हेलकावतो. परंतु त्याच खडकांवर, त्याच हंगामात, पिढ्यान्‌पिढ्या गारठ्यात उभे राहून राखलेली नोंदवही कोणती जात ओसरत चालली आहे हे ती नामशेष होण्यापूर्वी सांगते, आणि वेळीच कळणे हीच रक्षणाची पहिली पायरी होय.