वसईच्या घंटा आणि आपला तराजू

कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपुरापाशी भीमेला मिळते. तेव्हा बारामती काय अथवा इंदापूर काय, आपण सारे भीमेच्याच परिवारातले. या भीमेच्या उगमस्थानी, भीमाशंकराच्या प्रांगणात, एक थोर घंटा टांगलेली आहे. दर्शनाच्या घाईत यात्रेकरू तिच्याकडे निरखून पाहत नाहीत; पाहतील तर तिच्या अंगावर क्रूसाचे चिन्ह दिसेल. महादेवाच्या दारी क्रूस कसा आला, याचा इतिहास आपल्या कासार-तांबट समाजाने विशेष ध्यानी घ्यावा असा आहे; कारण प्रश्न अखेर धातूचा आणि तो तोलणाऱ्या हातांचा आहे.

पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई घेतली. पुढे दोनशे वर्षे तेथील देवळांच्या मनोऱ्यांतून घंटा वाजत राहिल्या. युरोपात घंटेचे काम केवळ प्रार्थनेचे नव्हते. मृत्यू झाला, शत्रू आला, आग लागली, की वाजविण्याची रीत बदले आणि वार्ता क्षणार्धात घरोघर पोहोचे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेथील घंटा मराठ्यांनी घाटावर आणून देवस्थानांना अर्पण केल्या. भीमाशंकराची घंटा ही त्यांपैकी एक. वाईजवळ नाना फडणविसांच्या मेणवली गावी कृष्णाकाठी टांगलेली घंटा तशीच. तिजवर १७०७ हा सन आहे.

आता धंद्याच्या दृष्टीने विचार करू. घंटेचे कांसे म्हणजे सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील. तोफेचा धातूही तांबे-कथिलाचाच, मात्र त्यात कथील दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे घंटा भट्टीत घालून पुरेसे तांबे वाढविले की तोफेचा रस तयार! युरोपात हे वारंवार घडले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी निरनिराळ्या देशांतून सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरविल्या व त्यांतील दीड लाखांच्या घरात नष्ट झाल्या. मराठ्यांनाही तोफांची गरज थोडी नव्हती. तरीही वसईच्या या घंटा मोडल्या गेल्या नाहीत. त्यांच्यावरील परकी अक्षरे व परधर्माची चिन्हेही कोणी कानशीने घासून काढली नाहीत. जिंकलेल्या वस्तूला नवे काम देऊन तिचा मान राखावा, ही वृत्ती आम्हांस विजयाइतकीच मोठी वाटते.

हे नवे काम कोणते, ते नाशिकास दिसते. पंचवटीत गोदाकाठी नारोशंकर राजेबहादुर यांनी १७४७ साली रामेश्वराचे मंदिर बांधिले. त्याच्या प्रवेशद्वारावरील घंटेवर १७२१ चे आकडे आहेत आणि तीही वसईच्या विजयाची खूण मानली जाते. गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला लागले, अशी पुराची मोजदाद नाशिककर करीत आले. आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागणे ही महापुराची परिसीमा. आग आणि शत्रू यांची वर्दी देणाऱ्या जातीची ही घंटा अशा रीतीने पुराची खूण झाली. धर्म बदलला, भाषा बदलली, परंतु गावाला सावध करण्याचे व्रत सुटले नाही.

या व्रताचे मोल आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुणेकरांना वेळीच पक्की वर्दी मिळाली असती तर केवढा अनर्थ हलका झाला असता! सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला पूर येऊन बारामतीच्या नदीकाठची घरे रिकामी करावी लागली, तेही आपण पाहिले. आज भोंगे आहेत, दूरध्वनी आहेत. तथापि जो आवाज सर्वांनी ओळखलेला असतो, त्यावरच गाव विश्वासाने उठते. अर्थ विसरलेली घंटा म्हणजे नुसते वजन.

आणि वजनाचा व्यवहार आपल्या हाती आहे! जुनी घंटा, शाळेचा टोल, नाव घातलेली समई ही शेवटी मोड म्हणून आपल्याच दुकानी येते. कांसे ठिसूळ, घंटेला एकदा तडा गेला की ठिगळाने आवाज परत येत नाही, ती बहुधा नव्याने ओतावी लागते. आणि मोडीबरोबर दात्याचे नाव, सन, गाव हेही भट्टीत जाते. ग्रंथ जळाला तर दुसरी प्रत कोठे तरी सापडते. घंटेची दुसरी प्रत नसते.

म्हणून समाजबंधूंना आमची विनंती एवढीच. तराजूत घालण्यापूर्वी वस्तू उजेडात धरावी. अक्षरे असतील तर कागद लावून ठसा घ्यावा, छायाचित्र काढावे. देवस्थानाची अथवा शाळेची वस्तू असेल तर पंचांना बोलावून विचारावे. गावाने परत मागितली तर मोडीच्याच भावाने द्यावी. यात दुकानदाराला थोडी झीज सोसावी लागेल, हे आम्ही जाणतो. पण चिमाजी अप्पांच्या लोकांनी तोफांचा धातू हाती असता तो देवापुढे टांगिला. ज्यांच्या घरी कांशाची पारख परंपरेने चालत आली, त्यांनी त्याहून कमी करावे काय?

कालिकामाता आपल्या हातांना पारख देवो आणि तराजूला विवेक देवो. इत्यलम्.