राजनांदगावची गाडी

दुर्गच्या पद्मनाभपुरातून आम्ही नागपूरकडे निघालो, की वाटेतले पहिले मोठे स्टेशन राजनांदगावचे. चहाचा पेला हाती येतो न येतो तोच गाडी हलते. मराठी ख्रिस्ती काव्याला ज्या प्रवासाने वळण दिले, तो याच मार्गावरचा, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

१८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी काव्यावर संभाषण जमले. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. आपले नाव मात्र त्याने मागे ठेवले नाही.

टिळक तेव्हा बत्तिशीच्या आतले. संस्कृताचे व्यासंगी, कवी, वक्ते. प्रचलित धर्मांनी समाधान होईना म्हणून आपणच एक नवा धर्म उभारावा, असे त्यांच्या मनात घोळत होते. अशा माणसाला गिरिप्रवचनाने धरून ठेवले. दीनांना धन्य म्हणणारी ती वचने वाचताना धर्मसंस्थापक होऊ पाहणाऱ्याला शिष्य व्हावे लागले. विद्वत्तेचा अभिमान सुटणे किती कठीण, हे विद्वानांनाच विचारावे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो एका भारतीय पाळकाच्या हस्ते. येथे थोडे थांबले पाहिजे. नम्रता म्हणजे लाचारी नव्हे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल जो ख्रिस्त दाखवितो, तो स्वतःहून खाली उतरतो; त्याला कोणी ढकललेले नसते. मेजवानीत शेवटची जागा धरण्याचा दाखलाही येशूने सांगितला तो मानाची आसने शोधणाऱ्या पाहुण्यांना. आमच्या देशात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकवून ठेवले, त्यांनाच व्यासपीठावरून नम्रता शिकविणे फार सोपे. चर्चमध्ये येतानाही जातीची उतरंड मनात घेऊन येणाऱ्याला ती शिकविणे अवघड. हा दाखला आजही पुढच्या बाकांवरच आधी वाचला जावा, असे आम्हांस वाटते.

टिळकांनी १९१७ साली मिशनची वेतनी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही शिष्य एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. त्यागाची ही कथा उज्ज्वल आहे. पण त्यागाचाही गर्व होऊ शकतो, हे परूश्याच्या प्रार्थनेवरून कळते. शिवाय टिळक शीघ्रकोपी होते. हे आम्हांस ठाऊक झाले ते त्यांच्या पत्नीमुळेच.

आणि आमच्या मते या विषयातला खरा धडा लक्ष्मीबाईंकडेच आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले खाणेपिणे निराळे ठेवले. सोवळ्याच्या धाकात वाढलेल्या बाईला शेजारणीच्या हातचे पाणी घेणे हे कोणत्याही तत्त्वचर्चेपेक्षा कठीण होते. तो अभिमान कोणाच्या व्याख्यानाने गेला नाही. रोजच्या पाण्याच्या भांड्यापाशी त्यांनी स्वतःच तो विचार करून सोडला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्या आपल्या सोवळ्याला हसतात, नवऱ्याच्या तापटपणाला हसतात, स्वतःच्या अज्ञानाला तर सर्वांत अधिक. स्वतःवर असे निर्मळपणे हसणारे लेखक मराठीत थोडेच.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. थोडेच अध्याय लिहून झाले होते. ज्या मुलीला त्यांनी लग्नानंतर अक्षरे गिरवायला लावली होती, तिने पुढचे अध्याय लिहायला घेतले.